पालमची जलसाठवण

मराठवाड्यात पाणी मुरवायच्या योजना पुष्कळ आल्या. काहींचे फलक अजून उभे आहेत. पालममध्ये मात्र एक योजना अनुदानाशिवाय बिनबोभाट चालू आहे, तिची दखल घ्यायलाच हवी.

प्रत्येक जीप-पिकअपच्या बॉनेटखाली ब्रेक ऑइलची डबी असते. हे तेल हवेतलं बाष्प शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदला, असं कंपन्या सांगतात. आता दुष्काळी तालुक्यातला माणूस साठलेलं पाणी असं टाकून देईल काय? इंजिन ऑइलचं वेगळं, इंजिन कुरकुरतं. ब्रेक ऑइल बिचारं अबोल. दसऱ्याला गाडीला झेंडू, नारळ, चाकाखाली लिंबू सगळं मिळतं. डबीचं झाकण तेवढं सोवळ्यात.

शिवाय डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत येतो. तेवढीच ऊर्जेची बचत!

जलयुक्त शिवारच्या पुढच्या टप्प्यात या डब्यांना पाझर तलावाचा दर्जा द्यावा. झाकणावर कोनशिलेपुरती जागा आहेच. घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात, पाण्याची वाफ होते, पाय थेट तळाला टेकतो आणि योजनेचा लाभ लाभार्थ्यांपर्यंत पोहोचतो.

लाभार्थी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसलेले असतात.