ऑनलाइन कोयता

अहो वहिनी, ऐकलंत का? या जरा इकडे कुंपणाशी, मोठ्यांदा नको... खालच्या आळीतल्या भावोजींनी कोयता मागवला, ऑनलाइन! चकचकीत, वर रबरी मूठ. अख्ख्या आळीला दाखवून झाला. "लोहाराच्या दारात आता कोण ताटकळतंय," म्हणे. आणि कुंपणाला शिरडं तोडायला गेले, तर ऐनाच्या दुसऱ्याच फांदीला पातं मुडपलं! बायको म्हणाली, रिटर्न करा. मुडपलेला कोयता कोण परत घेतो, तुम्हीच सांगा.

मग काय, काळोख पडल्यावर पेपरात गुंडाळून गेले गुपचूप. मी तिथेच होते ना, विळा घेऊन... तर काय सांगत होते, हां. लोहारदादांनी पातं ऐरणीवर टेकवलं, हातोडीने टिचकी मारली, आवाज ऐकला. "यात पोलादच नाय, भाऊ. पाणी कुठं पाजू?" भावोजींचा चेहरा असा काही उतरला! आणि लोहारीणबाई घण टेकवून पदराआड हसतायत.

घण त्याच मारतात हो. १९९३ ला वीरला रेल्वे आली, थोरला मुलगा त्याच गाडीने मुंबईला लागला. धाकट्याचं हायवेला वेल्डिंग, ग्रिलं करतो. भात्याच्या जागी पंखा आला, पण घण कोण उचलणार? ट्रकचा जुना कमानपाटा लालबुंद करून दादांनी सांडशीत धरला, की बाईंचा घाव नेमका तिथेच. मग नुसती धार पाण्यात बुडवायची, काढायची, घासायची आणि डोळा लावून बसायचं. आतल्या धगीने धारेवर पिवळसर रंग चढला रे चढला, की पुन्हा पाण्यात. जरा उशीर, की धार मऊ. मी खोदून विचारलं म्हणून सांगितलं हो, एरवी माणूस महा घुम्या.

पूर्वी खळ्यावरून सुपाने भात जायचं यांच्याकडे, बलुतं म्हणून. आमच्या सासूबाई सूप जरा उणंच भरायच्या, असं कुणीतरी... जाऊ दे बाई. आता सगळं रोख.

तर भावोजी म्हणतात, नवा घडवून द्या, उद्याच! लोहारीणबाईंनी कोपऱ्यातला ढीग दाखवला, फाळ काय, कुदळी काय, कोयते काय. "मिरग ७ जूनला. तुमचा नंबर त्यानंतर."

तोवर रोज आमचा कोयता नेतायत. आणि तो घडवलाय कुणी, ठाऊक आहे? दादांच्याच वडिलांनी, माझ्या सासऱ्यांसाठी. आमच्या ह्यांनी देताना तेवढं मुद्दाम ऐकवलं!