तुम्हाला किती टाकल्या?

वडगाव निंबाळकरात पूर्वी चार माणसं जमली की उसाचं एकरी टनेज विचारायची. आता विचारतात, "तुम्हाला किती टाकल्या?" म्हणजे स्प्रिंगा. तीनवाला एकवाल्याकडे जरा वरूनच बघतो. बायपासवाल्याला तर कुणी विचारतच नाही. एवढी छाती उघडून घेतली, तरी मान नाही!

फॅशन गेली ना. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिगनं फुगा घालून हृदयाची धमनी उघडली, १९८६ मध्ये जाळी, म्हणजे आपली स्प्रिंग, आली. आज देशात दरवर्षी लाखांनी अँजिओप्लास्टी होतात, बायपास मागं पडली. मनगटातून तार घालायची, दोन-तीन दिवसांत घरी. मग छाती कोण कशाला कापून घेईल?

शुगरवाल्यानं निदान विचार तरी करावा. मधुमेह आणि एकापेक्षा जास्त धमन्यांत अडथळे असलेल्या १,९०० जणांवर 'फ्रीडम' नावाचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला. स्प्रिंगवाल्यांपेक्षा बायपासवाले कमी दगावले. आता आपल्या भागात शुगर नसलेलं एक घर दाखवा. (सोमेश्वर साखर कारखान्याचा यात काही दोष नाही, गैरसमज नको.) पण बाप टेबलावर, मुलगा दाराबाहेर, आणि प्रश्न येतो, "नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, आत्ताच टाकायची ना?" मुलगा काय अभ्यास काढून वाचणार?

सही करतो.

खरी गंमत पुढं आहे. अटॅक चालू नाही, चढ चढताना छाती भरते, अशा पाच हजारांवर रुग्णांचा 'इस्केमिया' अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात भारतातलेही होते. एका गटाला औषधांसोबत लगेच स्प्रिंग किंवा बायपास, दुसऱ्याला आधी नुसती औषधं. दुखणं पहिल्या गटाचं जास्त कमी झालं. मृत्यू मात्र दोन्हीकडं जवळपास सारखेच. (डाव्या मुख्य धमनीतला अडथळा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टरांचं ऐका.) पण रोज गोळ्या घ्या, तंबाखू सोडा, हा काय उपचार झाला?

त्यात सांगण्यासारखं काहीच नाही.

अटॅक चालू असतो तेव्हा हीच स्प्रिंग जीव वाचवते. आणि नेमकं तेव्हाच आपण काय करतो? पहाटे छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, घाम फुटतो. घरचे म्हणतात, पित्त झालंय. ओवा, सोडा, पाठ चोळणं. "उजाडल्यावर बघू." अहो, बारामती काय परदेशात आहे? ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात. पहिल्या काही तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही खूप काम करतं. सरकारी दवाखान्यातला ईसीजी थेट तज्ज्ञाकडं पाठवण्यासाठी राज्याचा स्टेमी प्रकल्प आहे. पण ज्याच्याकडं मिनिटं उरलीत तो ओवा चावतो आणि ज्याला महिनाभर सवड आहे त्याला रातोरात पुण्याला नेतात.

पैशाचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषध लावलेल्या जाळीची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी ती लाखावर जायची. काही रुग्णालयं तेव्हा त्यावर सहाशे टक्क्यांहून जास्त नफा घ्यायची, हे सरकारी प्राधिकरणानंच मांडलं होतं. किंमत उतरली. बिल तेवढं उतरलं?

भरलंय त्यांनी सांगावं.

आणि फुकट असेल तर? नोव्हेंबर २०२४. गुजरातेत कडी तालुक्यातलं बोरीसणा गाव. मोफत शिबिर झालं, १९ जणांना अहमदाबादला नेलं, सगळ्यांची अँजिओग्राफी केली, सात जणांना अँजिओप्लास्टी. दोघे गेले. खर्च सरकारी योजनेतून. आपल्याकडं महात्मा फुले योजना आहे, तिनं कित्येक गरिबांची घरं वाचवली, ती हवीच. पण योजनेचं कार्ड दिसलं की ब्लॉकेजही दिसायला लागतं, असं व्हायला नको.

तेव्हा शिबिराची रिक्षा पुकारत गावात फिरली, की नीट ऐका. आधार कार्ड सोबत आणा, रेशन कार्ड सोबत आणा.

जुने रिपोर्ट आणा, असं भोंग्यातून कधी ऐकलंय?