पोलीस आले नाहीत, भाजणी आली

निशी-कासाई, टोकियो
रविवार, कपडे मशीनमध्ये असताना

ती. स्व. बाबा आणि आई यांस,


आई, आधी तुमच्यासाठी. पोलीस आलेले नाहीत, येणारही नाहीत. मिलिंद फोनवर "बाबांनी पाठवलेले बोर्ड इथे बेकायदा आहेत" एवढंच बोलला आणि पुढचं ऐकायच्या आत तुम्ही देव पाण्यात घातलेत, असं वन्संनी कळवलं. देवांना बाहेर काढा, सर्दी होईल. पार्सल सुखरूप पोचलं. भाजणीचं पहिलं थालीपीठ तुमच्या लेकाने उभ्याउभ्याच संपवलं, लोण्याचीही वाट पाहिली नाही.

बाबा, आता तुमच्याशी. तापकीर गल्लीत घासाघीस करून घेतलेले वायफायवाले ईएसपी-३२ बोर्ड एकदम झकास आहेत. दिवा लुकलुकवून पाहिला, सगळे जिवंत. पण चिपवरचं ते टिनाचं झाकण आहे ना, त्यावर काहीच छापलेलं नाही. आणि सगळी गोम तिथेच आहे. इथे वायफाय, ब्लूटूथ, म्हणजे हवेत लहरी सोडणाऱ्या कुठल्याही वस्तूवर 'गितेकी' नावाची नखाएवढी खूण आणि नंबर लागतो. ती नसेल तर वस्तू विकत घ्या, उशाशी ठेवा, पूजा करा. लहर सोडायची नाही. सोडली तर रेडिओ कायद्यात १ वर्षापर्यंत कैद किंवा १० लाख येनपर्यंत दंड. मिलिंदने आईंना सांगितलं ते हेच, फक्त मधली वाक्यं गाळून.

मला राग कशाचा येतो सांगू? तसाच बोर्ड, झाकणावर चार ओळी छापलेला, इथल्या अकिहाबारा बाजारात राजरोस मिळतो. तो कुंडीतल्या तुळशीला पाणी हवंय का ते माझ्या फोनला सांगू शकतो. तुमचा बोर्ड तेच सांगायला गेला तर गुन्हेगार! प्रयोग करणाऱ्यांसाठी २०१९पासून १८० दिवसांची सवलत आहे म्हणे. त्यासाठी मंत्रालयाकडे ऑनलाइन नोंद करायची, प्रयोगाचा हेतू लिहायचा. हेतू काय लिहू? "सासऱ्यांनी प्रेमाने पाठवले"? शिवाय १८० दिवसांनी तुळशीला काय सांगायचं? तेव्हा सध्या त्या बोर्डांना मौनव्रत दिलंय. वायफाय बंद ठेवून एक बोर्ड बाल्कनीतलं तापमान दाखवतो, बाकीचे डब्यात. गंमत म्हणजे परदेशी पाहुण्याने आणलेला फोन बिनखुणेचा असला तरी ९० दिवस चालवून घेतात. म्हणजे तुम्ही दोघं आलात तर आईंचा फोन कायदेशीर. आता तरी पासपोर्टचे फोटो काढा. तीन वर्षं "चष्मा बदलला की काढू" चाललंय.

(कपडे वाळत घातले. परत आले.)

आता तुमच्या पत्राला उत्तर. शैलामावशींच्या सुनेने स्वयंपाकाला बाई ठेवली यात मला तरी काही वावगं दिसत नाही. मावशींना सांगा, इथे बाई परवडत नाही म्हणून मी करते, संस्कार म्हणून नाही. भाऊकाकांनी गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं? सोसायटीची लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत करूच नये. आणि जोशीकाकांनी रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये पुन्हा १९७८चा नकाशा काढला हे वाचून बरं वाटलं. जग बदलतंय असं उगाच वाटायला लागलं होतं.

तुमचं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न चालतं का, असं विचारलंत. इथे घरात १०० व्होल्ट, तिकडच्या निम्म्याहून कमी. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पाव होते हे तुम्हीच मला लग्नानंतर पहिल्या दिवाळीत, सगळे फराळ करत असताना, वहीवर लिहून दाखवलं होतंत. तुमच्या आयर्नला इथे पाच वॅटसुद्धा मिळत नाहीत. सोल्डर वितळत नाही. तूप पातळ व्हायला बरं. मी इथलंच एक घेतलंय, पण लाकडी मुठीचं तुमचंच टेबलावर असतं.

अकिहाबाराबद्दल मिलिंद म्हणतो ती जत्रा आहे. त्याला बाहेरच्या मोठ्या पाट्याच दिसतात. रेल्वेच्या पुलाखाली रेडिओ सेंटर आहे ते तुम्हाला दाखवायचंय. युद्धानंतर इथे रस्त्यावर रेडिओच्या सुट्या भागांच्या टपऱ्या होत्या, १९४९च्या सुमारास त्या हटवल्या आणि दुकानदार पुलाखाली शिरले. दुकान म्हणजे आपल्या कोठीच्या खोलीएवढं. मधे एक आजोबा बसलेत, चारी बाजूंना कप्पे, कप्प्यांत स्विच, खटके, मीटर. उठायची गरज नाही, सगळं हाताच्या अंतरावर. वरून गाडी गेली की कप्पे थरथरतात. मी एक पोटेन्शिओमीटर मागितला तर त्यांनी तो दोन बोटांत फिरवून, कानाशी नेऊन मग दिला. अगदी तुम्ही! मी पैसे देऊन पटकन बाहेर आले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

किमतीचं म्हणाल तर रेझिस्टर अजून मुठीने मिळतात, पण मेमरीला हात लावायची सोय नाही. २०२५च्या शेवटी काही महिन्यांत भाव दुपटी-तिपटीपुढे गेले, कारण सगळा माल एआयवाल्यांची डेटा सेंटरं गिळतायत. दुकानांनी माणशी किती द्यायची यावर बंधनं घातली. रेशनवरची साखर आठवली ना? उलट जुने लॅपटॉप स्वस्त. कंपन्या लीज संपली की टाकून देतात, त्यात विंडोज १०चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आणि विंडोज ११ सातव्या पिढीच्या प्रोसेसरला सहसा उभं करत नाही. तसला एक 'जंक'मधून उचललाय. जंक म्हणजे परत घेणार नाही, विचारूही नका. चकाचक आहे, लिनक्स घातलंय, फक्त जपानी कीबोर्ड असल्याने स्पेसबार अंगठ्याएवढाच. हे पत्र त्यावरच लिहितेय, शब्द एकमेकांना चिकटले तर समजून घ्या.

आम्ही मे महिन्यात येतोय, तिकिटं काढली. आपल्या आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ गुरगुरतो म्हणून आईंनी भंगारवाल्याला बोलावलंय, हेही वन्संनीच कळवलं. आई, कृपा करून देऊ नका. फिल्टरचे कंडेन्सर सुकले असणार; ४५० व्होल्टचे नवे पुलाखालच्या आजोबांच्या शेजारी मिळतात, मी घेऊन येते. बाबा, तोवर तुम्ही मागचं झाकण उघडू नका. प्लग काढला तरी त्यात झटका शिल्लक असतो, हे तुम्ही मला शिकवलंत आणि स्वतः मात्र पाळत नाही.

तुमची,
मुग्धा