अन्वी मॉम, बी विंग

वाकडच्या त्या सोसायटीत तिचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर सापडतं, आणि तेही नवऱ्याच्या नावाखाली. बाकी सगळ्यांच्या फोनमध्ये ती ‘अन्वी मॉम बी ११०२’ आहे. फ्लॅटचा नंबर लावावाच लागतो, कारण सोसायटीतल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अन्व्या तीन आहेत. आरव चार होते, त्यातला एक बंगळुरूला गेला.

मुलगी जन्माला यायच्या आधीच ती असल्या पाच ग्रुपांची सभासद झाली होती. फोनमधलं गरोदरपणाचं ॲप दर आठवड्याला पोटातल्या बाळाचा आकार फळं-भाज्यांत सांगायचं. लिंबू झालं, आंबा झाला, आणि एका सोमवारी तिने हौसेनं सासूबाईंना सांगितलं, “या आठवड्यात वांगं!” सासूबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग म्हणाल्या, “लेकराला असं काहीतरी बोलू नये गं.”

ती हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. नीट चाललेल्या गोष्टीत काय काय बिघडू शकतं, हे शोधण्याचा तिला पगार मिळतो. ही नजर चार किलोच्या जिवाकडे वळली की काय होतं, याचा अंदाज बालरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत येतो. ती प्रश्न एक्सेल शीटमध्ये घेऊन जाते. शी कितीदा, कुठल्या रंगाची, दूध उजवीकडे किती मिनिटं, डावीकडे किती, असे रकाने. डॉक्टर शीट पाहतात, बाळाला पाहतात आणि म्हणतात, “छान आहे की!” एवढ्या त्रोटक उत्तराने तिचं समाधान होत नाही. रिक्षात बसायच्या आत तोच प्रश्न ग्रुपवर पडलेला असतो, डायपरच्या फोटोसकट. तो फोटो चुकून ऑफिसच्या ग्रुपवर जाण्याचा प्रसंग एकदा ओढवला होता. त्यावर तिच्या मॅनेजरने नुसता अंगठा दिला. तोही दोन मुलींचा बाप आहे.

तिचा खरा वावर रात्रीचा. दोन पन्नासला ती लिहिते : ‘एलओ १९ आठवडे. दर पाऊण तासाला उठतेय. नॉर्मल?’ एलओ म्हणजे तान्हं बाळ, एवढं त्या जगात सगळ्यांना कळतं. तीन मिनिटांत उत्तरं येतात. स्लीप रिग्रेशन. दात. गॅस, बेंबीभोवती हिंग लाव. कूस वळायला लागली का? लीप चार, ॲप बघ. यातलं सगळं तिला ठाऊक असतं, एक वाजता वाचून झालेलं असतं. मग ए विंगमधून सातवं उत्तर येतं : ‘आमचापण जागाच. तू जेवलीस का नीट?’ त्यानंतर चाळीस मिनिटं दोघी बोलतात. त्यात बाळांचा विषय एकदाही निघत नाही. पोळीवाल्या मावशींचा खाडा, ऑफिसातली नवी बाई, केस किती गळतात, असलं सगळं. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं तेव्हा रात्री उशाशी आई असायची, मावशी असायची, शेजारची कुणी डोकावून जायची. अकराव्या मजल्यावर कोण डोकावणार? सिक्युरिटीवाला ओटीपी मागतो.

सकाळी सासूबाईंचं निदान तयार असतं. दृष्ट. काल ती डी विंगची बाई केवढी टक लावून बघत होती! ॲप म्हणतं ‘लीप’, म्हणजे बाळाच्या मेंदूची झेप. या झेपांचा सिद्धान्त एका डच संशोधक जोडप्याचा, १९९२ साली पुस्तकातून आलेला. ठरावीक आठवड्यांना बाळ किरकिरं होतं, चौथी झेप एकोणिसाव्या आठवड्याच्या आसपास, असं त्यांचं म्हणणं. पुढे नेदरलँड्समध्येच पुन्हा तसा अभ्यास झाला, तेव्हा हे वेळापत्रक काही सापडलं नाही. तरी ॲप जोरात आहे. तेव्हा अकराशे दोनमध्ये एकीकडे झेप आणि दुसरीकडे मीठ-मोहऱ्या, असे दोन्ही उपचार चालले. चौथ्या रात्री अन्वी सलग पाच तास झोपली. श्रेय दोघींनी घेतलं.

घुटीवरून मात्र खडाजंगी झाली. सासूबाईंनी वाईहून सहाण आणली होती. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, ज्येष्ठमध, सगळं निगुतीनं डब्यात भरलेलं. चार वेढे उगाळून मधाच्या बोटाने चाटवायचं. ती आडवी आली. एक वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बोट्युलिझमचा धोका असतो, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, “तुझ्या नवऱ्याला रोज दिलीय.” ती म्हणाली, “आई, त्यांचं उदाहरण नको.”

मधाच्या बाबतीत तिचं शंभर टक्के बरोबर होतं, डॉक्टरही तेच सांगतात. पंचाईत एवढीच, की ज्या ठणठणीत आवाजात ती मधाबद्दल बोलते, त्याच आवाजात ती बाल्टिक अंबरच्या माळेबद्दलही बोलते. दात येताना दुखत नाही म्हणून बाळाच्या गळ्यात घालतात ती. एका रीलमध्ये पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पार्सल दारात. या माळेचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि ती गळ्याला आवळू शकते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर माळ कपाटात गेली, सासूबाईंच्या वाघनखाच्या शेजारी. दोन्ही एकाच डबीत आहेत.

मग पर्सेंटाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बाळांच्या वाढीचे तक्ते काढले ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या बाळांची वजनं-उंच्या मोजून. भारतातली बाळं दक्षिण दिल्लीतली होती. अन्वीचं वजन पंचविसाव्या पर्सेंटाइलवर, याचा अर्थ शंभरातली पंचवीस बाळं तिच्यापेक्षा हलकी आणि बाकीची जड. त्यात वावगं काही नाही. पण ही पिढी कॅट परीक्षेच्या पर्सेंटाइलवर पोसलेली. तिने स्वतः चौऱ्याण्णव मिळवले होते आणि ते कमी पडले म्हणून आठवडाभर रडली होती. पोटची पोर पंचविसावर! तिने नवऱ्याला ऑफिसातून बोलावून घेतलं. “रेषा वर वर जातेय ना, मग झालं,” असं डॉक्टर समजावत होते आणि ती मनातल्या मनात क्लास शोधत होती. दोन महिन्यांनी अन्वी अठ्ठाविसावर आली. ग्रुपवर केकचं चित्र पडलं.

रजेचा हिशेब हे या आईच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड गणित. मातृत्व रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. सहा महिने फक्त आईचं दूध द्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते आठवडेही साधारण २६च. हिशेब तंतोतंत जुळतो, फक्त बाई लॅपटॉप बंद करून थेट लेबर रूममध्ये शिरली पाहिजे. हिने तीन आठवडे आधी रजा घेतली होती. ते तीन आठवडे भरून काढायला ना सरकार आलं ना कंपनी, कामाला आल्या त्या बायकाच. कुणी आपला ब्रेस्ट पंप दिला. काढलेलं दूध बाहेर चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, हे कुणी सांगितलं. कुणी फेसबुकवरच्या ‘ब्रेस्टफीडिंग सपोर्ट फॉर इंडियन मदर्स’ या २०१३पासून चाललेल्या ग्रुपचं दार दाखवलं. ऑफिसात आयांसाठी राखून ठेवलेली खोली होती खरी. तिथे दिवाळीतल्या आकाशकंदिलांची खोकी रचलेली. कंदिलांच्या मध्ये बसून तिने दोन महिने पंप चालवला आणि म्यूट करून मीटिंगा केल्या. एकदा म्यूट करायचं राहिलं. कुणाचा तरी प्रिंटर बिघडलाय असं क्लायंटला वाटलं, कुणी खुलासा केला नाही.

उष्टावणाचा दिवस उजाडला तेव्हा अन्वीच्या पानात नाचणीची बिनसाखरेची, बिनमिठाची पेज होती. वर्षभर साखर नाही, मीठ नाही. साताऱ्याहून तिच्या आईने मोड आणून, दळून नाचणीचं सत्त्व पाठवलं होतं. तरी तिने त्याच सत्त्वाचं चकचकीत पाकीट ऑनलाइन मागवलं, कारण त्यावर ‘ऑरगॅनिक’ लिहिलं होतं. ती फोटोसाठी उजेड शोधत बाल्कनीत गेली तेवढ्यात आजोबांनी चांदीच्या वाटीतली शेवयांची खीर बोटावर घेऊन नातीला चाटवली. अन्वीने आधी डोळे विस्फारले आणि मग आजोबांचं बोट सोडेना. ग्रुपवर फोटो चढल्यावर चौथ्या मिनिटाला विचारणा आली, ‘खिरीत साखर नाही ना?’ तिने लिहिलं, ‘खजुराचा पाक.’

तिची चेष्टा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुलाब झालेल्या बाळाला देण्यासाठी ओआरएसच्या नावाखाली दुकानात जी गोड पेयं मिळत होती, ती खरं ओआरएस नव्हतीच. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध आठेक वर्षं लढा दिला, आणि त्यांचे व्हिडिओ घरोघरी पोचवले ते असल्याच ग्रुपांनी. ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढला, की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयावर ओआरएस हे नाव चालणार नाही. त्या रात्री ‘अन्वी मॉम’ने सोसायटीच्या मेडिकल दुकानात जाऊन प्रत्येक खोकं उलटंपालटं करून वाचलं. दुकानदार अजून तिला बघून आधी चष्मा लावतो.

नवरा बाबांच्या ग्रुपवर आहे. तिथे क्रिकेट असतं आणि अधूनमधून डायपरची ऑफर.

अन्वी धड रांगत नाही, पण तिची आई नर्सरी प्रवेशाच्या ग्रुपवर जाऊन बसली आहे. सीबीएसई की आयसीएसई, यावर तिथे रोज रणकंदन. ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण हवीत, हा नियम तिला पाठ आहे आणि अन्वीच्या जन्मतारखेवर तिने दोनदा बोटं मोजून पाहिली आहेत.

मध्यंतरी सासूबाई यूट्यूब वापरायला शिकल्या. बेळगावच्या कुणा वैद्यांचा घुटीवरचा व्हिडिओ त्यांनी सुनेला पाठवला आणि स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, “बघ, डॉक्टरच सांगतायत!” सून म्हणाली, “आई, इंटरनेटवर येतं ते सगळं खरं नसतं.” सासूबाईंनी पोळी उलटली आणि गप्प बसल्या.

संध्याकाळी बागेतल्या बाकावर सोसायटीतल्या आज्यांनी आपला ग्रुप काढला. पहिली पोस्ट सासूबाईंचीच, दुसऱ्या दिवशी दुपारच्या झोपेच्या वेळी टाकलेली : ‘सून बाळाला तीन दिवस एकच भोपळा भरवते. नवीन पदार्थ दिला की तीन दिवस तोच म्हणे. सगळ्यांकडे असंच आहे का?’ दहा मिनिटांत अकरा उत्तरं आली. पहिलं सी विंगमधून होतं : ‘आमच्याकडे सध्या गाजर चालू आहे.’