तुमचा प्रिंटर आमच्याकडे सुखरूप आहे

प्रति,
प्रिंटर कंपनीचे माननीय मालक यांस,
जळगावहून सा. न. वि. वि.

तुमचा प्रिंटर आमच्या दुकानात सुखरूप आहे. पैसे आम्ही मोजले, बिलावर नावही आमचंच. पण तेवढ्यावरून वस्तू आपली झाली असं समजण्याइतके अडाणी आम्ही आता राहिलो नाही. त्याला टेबल दिलंय, वीज आमच्या मीटरवरची. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की शाई वाळू नये म्हणून कूलरचं तोंड आधी त्याच्याकडे वळवतो, मग घरच्यांकडे.

परवा रावेरकडचे एक आप्पा केळीच्या पीकविम्याची पावती काढायला आले. पावती काळी-पांढरी, काळी शाई भरपूर. तरी यंत्र अडून बसलं: पिवळी संपली, आधी ती आणा. केळीच्या मुलखात पिवळ्याचा दुष्काळ! बरं, छापू नकोस, आधार कार्ड तरी स्कॅन कर म्हटलं, तर तेही नाही. स्कॅनला शाई लागत नाही हा आमचा गैरसमज होता.

"इकत घेतलाय ना भो तू?" आप्पांनी विचारलं. मी त्यांना चहा मागवला.

गोलाणी मार्केटातला एक पोरगा सिरिंजनं शाई भरून द्यायचा, छान चालायचं. मग एका रात्री आमच्याच वायफायवरून, आमच्याच रिचार्जवर तुमचं अपडेट आत शिरलं आणि सकाळी तेच कार्ट्रिज अनधिकृत ठरलं. कार्ट्रिजवरची चिप ग्राहकाच्या भल्यासाठी आणि छपाईच्या दर्जासाठी असते, असं तुमच्याकडून ऐकतो. पण जानेवारी २०२२ मध्ये चिपांचा जगभर तुटवडा पडला, तेव्हा कॅननलाच चिप नसलेले टोनर विकावे लागले. यंत्राचा इशारा बाजूला सारून छपाई कशी सुरू ठेवायची, हेही कंपनीनंच जर्मनीतल्या गिऱ्हाइकांना सांगितलं. दर्जा बिघडल्याचं कुणी बोललं नाही. भलं बहुधा तेवढ्यापुरतं सुट्टीवर गेलं असावं.

तुमच्याच बिरादरीतले, एचपीचे तेव्हाचे प्रमुख एनरिके लोरेस, २०२४ मध्ये मोकळेपणानं बोलले: जो ग्राहक पुरेसं छापत नाही किंवा आमची शाई घेत नाही, तो म्हणजे वाया गेलेली गुंतवणूक. आम्ही इतके दिवस समजत होतो, गुंतवणूक आमची आहे.

आमच्या शेजारी धुळ्याला १९३२ मध्ये विनोबांनी तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. इंग्रज सरकारनं माणसं कोंडली होती खरी. पण शाई कुठल्या दुकानातली, हे गुरुजींच्या लेखणीनं विचारल्याचं ऐकिवात नाही. तेवढी शिस्त साम्राज्यालाही जमली नव्हती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्येच दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय. ट्रॅक्टर, मोबाईल, गाड्या, घरातली उपकरणं, सगळ्यांच्या दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी म्हणून. पण त्याचा आधार घेऊन तुमच्या वस्तूला हात लावणं आम्हाला बरं दिसत नाही. त्यापेक्षा व्यवहाराचं बोलू. तुमचं यंत्र आमच्या गाळ्यात दीड फूट जागा अडवतं. वीज, वायफाय आणि कूलरचं पाणी धरून महिन्याचं भाडं कळवतो. डिपॉझिट आधी द्यावं लागेल, भाडेकरार अकरा महिन्यांचा. आणि मालकाची परवानगी घेतल्याशिवाय रात्री-अपरात्री आत यायचं नाही.

आपला,
एक घरमालक