कच्चा लिंबू चालेल

शहरातल्या वाढदिवसाला मुलं वर्गातून येतात. चिरनेरच्या वाढदिवसाला ती भावकीतून येतात, आणि भावकीला इयत्ता नसते. आमंत्रण पाच वर्षांच्या पोरीच्या नावाने गेलेलं असतं. पण मांडवात दुपट्यातलं बाळ येतं, त्याला कडेवर घेऊन तिरकी झालेली दुसरीतली ताई येते, नुकती मिसरूड फुटलेला नववीतला दादा येतो, आणि ‘आम्ही काय, नुसतं बघायला आलोय’ म्हणणारी बारावीची टोळी सगळ्यांच्या आधी पंख्याखालच्या खुर्च्या धरते. आमच्या आगरी घरांत वाढदिवस लहान करायची रीत नाही. नाक्यावरचा बॅनर लग्नाच्या बॅनरपेक्षा हातभर कमी चालतो, त्याहून कमी चालत नाही.

चिरनेर तालुक्याने उरणचं आणि बाजाराने पनवेलचं. त्यामुळे भाच्याच्या मुलीच्या वाढदिवसाला केक पनवेलचा, फुगे पनवेलचे आणि मुलांचे खेळ घेणारा माईकवालाही पनवेलचाच. त्याच्याकडे प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला छापील कागद होता. तीन ते पाच वर्षं : फुगा फुगा, पुतळा हो. सहा ते आठ : संगीत खुर्ची, लिंबू-चमचा. नऊ ते बारा : पार्सल फिरवा, दम शेराज. तेराच्या पुढे : प्रश्नमंजूषा. कागद मला मनापासून आवडला. अडचण एवढीच, की तो ज्यांच्यासाठी छापला होता ती पोरं रांगेने वयवार आली नव्हती. ती एकमेकांचं बोट धरून आली होती. दुसरीतल्या ताईला संगीत खुर्चीला बोलवावं, तर बाळ कुठे ठेवायचं?

तरी माईकवाल्याने संगीत खुर्ची लावली, कारण संगीत खुर्ची लागतेच. या खेळाबद्दल माझं मत फारसं बरं नाही. पहिल्याच फेरीत बाद होतं ते सगळ्यांत लहान पोर. त्याला गाणं थांबलेलं कळतं, पण आपण थांबायचं हे कळत नाही. मग ते खांबाला टेकून बाकीच्यांची मजा बघत उभं राहतं. उलट बारावीतला जो मोबाईल खिशात घालून नाइलाजाने उठलेला असतो, तो लांब ढांगांच्या जिवावर शेवटपर्यंत टिकतो. म्हणजे ज्याला खेळायची जास्त हौस त्याला सगळ्यांत कमी खेळायला मिळणार, आणि ज्याला घरी जायचंय तो जिंकणार. आणि असा खेळ आपण लहान मुलांचा म्हणून भरवतो!

लिंबू-चमच्याला एक चार वर्षांचा गडी रांगेत लावला. लाल टी-शर्ट, एक चप्पल पायात, दुसरी कुठे ते देव जाणे. त्याने नियम नीट ऐकून घेतले, शिट्टी वाजल्यावर लिंबू घट्ट मुठीत धरलं, रिकामा चमचा तोंडात ठेवला आणि निघाला. निघाला तोही समोरच्या रेघेकडे नाही, डाव्या हाताला, जिथे त्याची आई भाकऱ्यांची टोपली उचलत होती. तिच्या पदराला हात लावून त्याने जाहीर केलं, “मी पयला आलो.” आणि खरोखरच त्या दिशेला त्याच्या आधी कोणी पोचलं नव्हतं.

जाँ पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने जिनिव्हा आणि न्यूशातेलच्या पोरांबरोबर गोट्या खेळत, त्यांना नियम विचारत विचारत एक अख्खं पुस्तक लिहिलं; ते 1932 साली निघालं. त्यात हा आमचा लाल टी-शर्टवाला जसाच्या तसा आहे. अगदी लहान पोरं एकत्र बसून खेळतात, पण प्रत्येकाचा खेळ वेगळा असतो आणि शेवटी सगळेच जिंकलेले असतात. त्याहून मोठ्यांना वाटतं की नियम हे वाडवडिलांकडून आलेत, त्यांना हात लावायचा नाही. आणि दहा-अकराच्या पुढे त्यांना उमगतं, की सगळे कबूल असतील तर नियम बदलता येतो. गोट्या खेळायला मिळाव्यात म्हणून असा अभ्यास मलाही चालला असता.

एवढं होईतो अंगणात दोन भांडणं, एक रडारड आणि एक फुटलेला फुगा झाला होता. फुगा फुटल्याने बाळ जागं झालं. माझी बहीण आतून हात पुसत आली. “दादूस, तूच घे रे खेल. त्या मान्साला चा देते मी.” माईकवाल्याने सुटकेचा श्वास टाकला आणि माईक माझ्या हातात दिला. माईक बंद पडला होता, हे त्याने सांगितलं नाही.

मी काही शिकवलं नाही. मी फक्त विचारलं, की शाळा सुटल्यावर काय खेळता? तेव्हा सहावीतल्या एका पोरीने ताबा घेतला. उभी राहून तिने बोटाने अंगण मोजलं, दोन गट पाडले, आणि लाल टी-शर्टवाल्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, “ह्यो कच्चा लिंबू हाय. ह्याला कोनी आउट कराचा नाय.” झालं. वयोगटाचा प्रश्न एका वाक्यात मिटला. कच्च्या लिंबाने पळायचं, ओरडायचं, पकडायलाही जायचं; बाद मात्र व्हायचं नाही. खेळ मोठ्यांच्याच ताकदीचा राहतो, लहानग्यासाठी तो पातळ करावा लागत नाही. आणि कच्च्या लिंबाला आपण कच्चे आहोत याचा पत्ता नसतो, निदान पुढच्या वर्षापर्यंत. तेव्हा मग तो स्वतःच पाय आपटून सांगतो की मी आता पक्का.

असल्या गोष्टी नियमांच्या पुस्तकात येत नाहीत. खो-खोचे नियम बांधायला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली घेतले, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषकही झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत आपणच जिंकलो. छातीभर अभिमान आहेच. पण खेळ पुस्तकात गेला की त्यात गडी मोजून येतात आणि कच्चा लिंबू कुंपणाबाहेर राहतो. हे व्हायचंच. विश्वचषकात एखाद्या संघाने चार वर्षांचा गडी उतरवून ‘याला बाद धरू नका’ म्हटलं, तर पंचांनी काय करावं?

अंगणातल्या खेळांची आणखी एक खुबी मला त्या संध्याकाळी दिसली. साखळीत जो बाद होतो तो साखळीला जोडला जातो आणि पकडणारा होतो. त्याला बसायला वेळच नाही. विषामृतात विष झालेला पुतळ्यासारखा उभा राहतो खरा, पण कोणीतरी हात लावून अमृत करील म्हणून त्याचे डोळे चहूकडे भिरभिरत असतात. पोरांना हरण्याचं दुःख फारसं नसतं, रिकामं बसण्याचं असतं.

मग चोर-पोलीस निघालं. आता हे गाव कोणतं, तर 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहाचं. अक्कादेवीच्या डोंगरावर सरकारी जंगलाचा कायदा मोडायला माणसं गेली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, आठ जण हुतात्मा झाले. गावात त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी त्या दिवशी मानवंदना होते. पुढच्या खटल्यात आरोपींच्या बाजूने वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. मला वाटलं, या गावात पोलीस व्हायला एक पोर तयार होणार नाही. सगळीच तयार होती. शिट्टी पोलिसाकडे असते.

बारावीची टोळी मात्र जागची हलेना. त्या वयात खेळणं कमीपणाचं आणि न खेळणं कंटाळवाणं, अशी दोन्हीकडून कोंडी असते. त्यांना खेळायला बोलवू नये, हुद्दा द्यावा. एकाला स्पीकर दिला, दुसऱ्याला पंच केलं, तिसरीला गुणांची वही. दहाच मिनिटांत पंच स्वतःच चोरामागे धावत होता आणि आपल्याच निर्णयावर अपील करत होता.

ओट्यावर बहिणीच्या जावेने सागरगोटे काढले, तिच्याभोवती पोरींचं कोंडाळं जमलं. ब्रॉयगल नावाच्या चित्रकाराचं 1560 सालचं एक चित्र आहे, व्हिएन्नाच्या संग्रहालयात. दोनशेच्या वर पोरं आणि ऐंशीच्या आसपास खेळ एकाच चौकात. त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यात दोघीजणी अशाच बसल्यात. सागरगोट्यांच्या जागी जनावरांच्या घोट्याची हाडं, एवढाच फरक. आंधळी कोशिंबीरही त्यात आहे. एवढ्या गर्दीत माईक घेतलेला माणूस एकही नाही.

जेवणं झाल्यावर परतभेटी वाटल्या. त्या भाच्याने घाऊक आणल्या होत्या, पिशवीत वरून हाताला येईल ती द्यायची. तेव्हा दुपट्यातल्या बाळाला कंपासपेटी मिळाली आणि नववीतल्या दादाला साबणाचे फुगे उडवायची बाटली. आई-बापांनी ‘थँक्यू म्हण’ एवढंच पाहिलं. मांडवाच्या मागे जनरेटरच्या उजेडात बाजार भरला. बाळाच्या वतीने ताई बोलत होती. एका कंपासपेटीला दोन बाटल्या, असा भाव फुटला. दादाकडे एकच बाटली होती, म्हणून त्याने वर खिशातलं चॉकलेट घातलं. ताईने चॉकलेटचा कागद सोडून बघितला, अर्धं खाल्लेलं निघालं. तिने कंपासपेटी परत घेतली, करकटक तेवढं काढून ठेवलं आणि म्हणाली, “आता घे.”