मामांची कॅसेट

आमचे मामा दोन गोष्टींत भेसळ खपवून घेत नाहीत. आमरस आणि लाइव्ह अल्बम. आमरसात दूध घालणाऱ्यांच्या घरी ते दुसऱ्यांदा जेवायला जात नाहीत. आणि कार्यक्रम झाल्यावर स्टुडिओत बसून ज्यावर हात फिरवलाय, त्या अल्बमला ते लाइव्ह म्हणत नाहीत, 'डागडुजी' म्हणतात. उभी हयात बँकेच्या ऑडिट खात्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला शाखा उरल्या नाहीत, म्हणून हल्ली क्वीन तपासतात.

क्वीन म्हणजे तोच, फ्रेडी मर्क्युरीचा बँड. फ्रेडी जन्मला झांझिबारला, शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि 'हेक्टिक्स' नावाचा पहिला बँडही तिथंच निघाला. तेवढ्या भांडवलावर आपल्याकडचे निम्मे चाहते त्याला स्ट्रॉबेरीइतकाच सातारा जिल्ह्याचा समजतात. मामाही. वाई सोडून पसरणीचा घाट लागला की दर खेपेला म्हणतात, "ह्याच रस्त्यानं गेला असणार तो." दर खेपेला मामी त्याच वळणावर आवळासुपारी शोधत असतात.

परवा रविवारी डोंबिवलीला त्यांच्याकडे गेलो, तर आजोबा आणि नातू समोरासमोर. नातू अकरावीत. मधे स्पीकर, बाजूला बटाटेवडे गार होत चाललेले. भांडण एवढंच की क्वीनचा खरा लाइव्ह अल्बम कुठला. हा प्रश्न चाहत्यांत काढणं म्हणजे पंगतीत उभं राहून "पुरण गुळाचं की साखरेचं?" असं विचारणं. उत्तर मिळत नाही, पंगत मोडते.

मामांचा अल्बम 'लाइव्ह किलर्स'. जून १९७९. त्या वर्षी जानेवारी ते मार्च बँड युरोपभर हिंडला, गावोगावच्या कार्यक्रमांच्या टेपा भरल्या, आणि मग स्वित्झर्लंडमध्ये माँत्रूला बसून चौघांनी स्वतःच त्यातून दोन तबकड्यांचा संच काढला. दीड तासाच्या आसपासचा ऐवज. चाहत्यांनी त्यात काय काय शोधून काढलं म्हणता! आवाज कोरडा आहे. फ्रेडी स्टुडिओतले उंच सूर टाळतो, खालून वळसा घालून जातो (त्याच्या घशात गाठी होत्या, पण ऑडिटमध्ये वैद्यकीय कारण चालत नाही). 'वुई विल रॉक यू' दोनदा आहे, सुरुवातीला धावत आणि शेवटाकडे चालत. ब्रायन मेचं 'ब्रायटन रॉक' बारा मिनिटांच्या वर जातं. माझ्या घड्याळानं त्यात चहा उकळून, गाळून, पिऊन होतो. 'लव्ह ऑफ माय लाइफ' तर पब्लिकच गातं. मग पैसे फ्रेडीचे का घेतले?

आणि ते बीप. 'डेथ ऑन टू लेग्ज' सुरू होण्याआधी हे गाणं कुणावर आहे ते फ्रेडी सांगायला लागतो. जुन्या व्यवस्थापकाशी बिनसलं होतं, त्याच्यावरचं गाणं. कोर्टकचेरी नको म्हणून अल्बमवर नेमक्या शब्दांच्या डोक्यावर बीप मारलेत. भरल्या सभागृहात हजारोंनी ऐकलेली शिवी रेकॉर्डवर मात्र सोवळं नेसून येते. मामांना तो त्यांच्या टेपरेकॉर्डरचा बिघाड वाटला होता. दुरुस्तीवाल्यानं हेड साफ केलं, पंधरा रुपये घेतले. बीप तसेच. मामा पुन्हा घेऊन गेले. पुन्हा पंधरा.

पण या सगळ्या किरकोळ नोंदी. खरा गफला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त आहे.

१९७५ साली त्यातला ऑपेराचा भाग फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर अशा तिघांनी आवाजावर आवाज चढवत स्टुडिओत रचला. १८० थर होते म्हणतात. टेप घासून घासून इतकी झिजली की पलीकडचा उजेड दिसायला लागला, अशीही कथा सांगतात. आता तेवढी फौज रोज रात्री स्टेजवर आणायची कुठून? बँडनं सरळ व्यवहार पाहिला. ऑपेरा आला की चौघांनी विंगेत जायचं आणि टेप लावायची. ती वाजेपर्यंत घाम पुसायचा, घोटभर काहीतरी घ्यायचं, आणि ती संपता संपता धुरातून आणि झगझगाटातून परत येऊन गिटारवर तुटून पडायचं. याच बँडनं सत्तरच्या दशकात अल्बमच्या पाकिटावर 'यात सिंथेसायझर वापरलेला नाही' असं 'आमची कोठेही शाखा नाही'च्या ताठ्यात छापलं होतं. तेच लोक टेप लावून निवांत आत जायचे, आणि लपवायचेही नाहीत. रिकामं स्टेज कुणापासून लपवणार?

'लाइव्ह किलर्स'मध्ये ती टेप ऐन मध्यात वाजते. यावर मामा चाळीस वर्षं नाक मुरडत आलेत. "लाइव्ह अल्बमात टेप? म्हणजे मोकळ्या स्टेजचं रेकॉर्डिंग मी पैसे देऊन ऐकायचं?"

मुद्दा रास्त आहे. मग येतो डिसेंबर १९८६ आणि अल्बम येतो 'लाइव्ह मॅजिक'. त्या उन्हाळ्यात वेम्ब्ली, बुडापेस्ट, नेबवर्थ अशी एकेक मैदानं बँडनं भरून काढली होती. त्यातली पंधरा गाणी एका तबकडीत कोंबायची, म्हणून कात्री काढली. 'टाय युअर मदर डाउन' आखूड केलं. आणि 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तून काय कापलं? ऑपेरा. म्हणजे ती टेपच. सबंध गाण्यात जेवढं लाइव्ह नव्हतं, नेमकं तेवढंच उचलून बाहेर ठेवलं. शुद्धतेच्या पुजाऱ्यांनी खरं तर पेढे वाटायला हवे होते.

पण जे खवळले ते आजतागायत शांत नाहीत. अल्बमचं नाव काढलं की मामांचा आवाज चढतो. "मुडदा पाडलाय गाण्याचा! अरे, लग्नाच्या व्हिडिओतून मंगलाष्टकं कापतात का?"

"पण मामा, ती टेप होती. तिच्याबद्दल तर तुम्ही आत्ताच..."

"ते वेगळं."

ऑडिटवाल्याच्या तोंडून 'ते वेगळं' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. वडा उचलला.

क्वीनचं सोडा, हा खेळ सगळीकडे चालतो. थिन लिझी या आयरिश बँडचा 'लाइव्ह अँड डेंजरस' १९७८चा. त्याचा निर्माता टोनी विस्कॉन्टी म्हणतो, यातलं ७५ टक्के नंतर स्टुडिओत वाजवलंय. बँडच्या बाजूचे म्हणतात छे, ७५ टक्के लाइव्ह आहे. आकडा दोघांचा एकच, फक्त वही उलटी धरलेली. पंचवीस टक्के इकडे की तिकडे, यावर लोकांची मैत्री तुटते. तो अल्बम ऐकताना अंगावर काटा येतो, याबद्दल मात्र दोन्ही पक्ष एकमतानं गप्प.

नातवाचा पक्ष 'लाइव्ह ॲट वेम्ब्ली'. कार्यक्रम जुलै १९८६चा, अल्बम मे १९९२चा. अल्बमच्या आदल्या नोव्हेंबरात फ्रेडी गेला. ऑपेराची टेप यात सहीसलामत परत आली आणि तिच्याबद्दल आता कुणाची हूं की चूं नाही. साहजिक आहे, तेराव्याच्या जेवणात मीठ कमी आहे असं कुणी म्हणत नाही. बँड फुटणार अशा तेव्हा वावड्या उठल्या होत्या. फ्रेडी मधेच थांबून, या वावड्या उठवणारे शरीराच्या कुठल्या भागातून बोलतात ते लोकांना सांगतो. व्हिडिओत तो भाग दाखवतोसुद्धा. अल्बमवर आपण समजून घ्यायचं. आम्ही मरेपर्यंत एकत्र राहणार, अशा थाटात तो हे बोलतो आणि बरोब्बर चार आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, नेबवर्थला त्याचा बँडबरोबरचा शेवटचा कार्यक्रम होतो. हे माहीत असल्यावर त्या अल्बममध्ये चूक काढायला जीभ रेटत नाही. तरी मामांनी काढलीच. "फार इस्त्रीचा आहे."

मला विचाराल तर त्या उन्हाळ्यातली सगळ्यात लाइव्ह गोष्ट बुडापेस्टची. २७ जुलैला तिथल्या स्टेडियममध्ये फ्रेडीनं एक हंगेरियन लोकगीत म्हटलं. भाषा येत नाही, म्हणून शब्द तळहातावर लिहून आणले. एका हातात माइक, दुसरा पंजा डोळ्यांसमोर, आणि गडी उघड उघड वाचून गातोय. पाचगणीच्या वर्गात पकडला गेला असता. इथं सगळं स्टेडियम वेडं झालं. 'लाइव्ह मॅजिक'मध्ये या गाण्याला जागा झाली नाही. त्याची टेप नव्हती ना, कापायला.

"आजोबा, पण लाइव्ह एडचं काय?" नातवानं हुकमाचं पान टाकलं. हा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सिनेमा बघून दीक्षा घेतलेला भक्त. २०१८चा सिनेमा. शेवटाला १९८५चं लाइव्ह एड असल्यामुळे क्वीन म्हणजे वीसेक मिनिटांचा एक कार्यक्रम, अशी या पिढीची समजूत. त्यातली गाणी सिनेमाच्या अल्बमवर आली आणि लगेच ओरड झाली की 'क्रेझी लिटल थिंग' का गाळलं. मी नातवाला म्हटलं, त्या दिवशी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ऑपेराच्या आधीच सोडून दिलं होतं, मग ते कापलेलं का चालतं? तो म्हणाला, "ते त्यांनी स्वतः कापलंय." 'लाइव्ह मॅजिक' काय शेजाऱ्यांनी कापला होता? आणि सिनेमात काही ठिकाणी फ्रेडीचा म्हणून जो आवाज ऐकू येतो तो मार्क मार्टेल नावाच्या गायकाचा आहे, हे मी सांगितल्यावर मुलगा असा काही गप्प झाला की मला माझीच लाज वाटली. मामींनी माझ्या ताटलीतला तिसरा वडा काढून त्याला दिला.

तेवढ्यात मामा आतून कॅसेट घेऊन आले. ती कॅसेट.

तिची जन्मकथा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ८० साली मामांच्या एका बोटीवरच्या मित्रानं 'लाइव्ह किलर्स' आणला आणि एका संध्याकाळपुरता दिला. जोडायची वायर नव्हती. मामांनी रेकॉर्ड प्लेअरच्या स्पीकरसमोर स्टूल ठेवलं, स्टुलावर टेपरेकॉर्डर, त्यात ९० मिनिटांची कोरी कॅसेट, आणि घरात सगळ्यांना दम दिला की कुणी बोलायचं नाही. आजीनं दम मानला. कुकरनं मानला नाही. 'लव्ह ऑफ माय लाइफ'मध्ये युरोपातले हजारो लोक हळुवारपणे गात असताना पहिली शिट्टी होते. मग दुसरी. मामा स्टुलापासून हलायला तयार नाहीत. तिसरीच्या आधी आजीचा आवाज स्पष्ट येतो, "अरे, डाळीचं पिठलं होईल!" आणि मग तिसरी.

आता टेपरेकॉर्डरच नाही, त्यामुळे कॅसेट नुसती टीपॉयवर ठेवली, देवासमोर सुपारी ठेवावी तशी. नातवानं मोबाइलवर 'लाइव्ह किलर्स' लावला. नवा, धुऊनपुसून काढलेला. मामा डोळे मिटून बसले. 'लव्ह ऑफ माय लाइफ' आलं. पब्लिक गायला लागलं. मामांचं बोट हळूच वर गेलं, "आता..." म्हणाले आणि थांबले.

काहीच झालं नाही. पब्लिक गात राहिलं.

मामांनी डोळे उघडले. "काढली त्यांनी."

"काय काढलं, आजोबा?"

"शिट्टी."

कुणी हसलं नाही. मामी उठून स्वयंपाकघरात गेल्या. ऑपेराची टेप आली, वाजली, गेली. मामा काही बोलले नाहीत, उलट पायानं ठेका धरला होता.

शेवट 'गॉड सेव्ह द क्वीन'. ब्रायन मेनं गिटारचे थर रचून केलेलं ब्रिटिशांचं राष्ट्रगीत. तेही टेपच. प्रत्येक कार्यक्रम संपला की हे लावायचे आणि चौघं पुढं येऊन नुसते वाकून नमस्कार करायचे. सगळ्या जगातले शुद्धतावादी या टेपेला टाळ्या वाजवत आलेत, आणि अजून एकाचीही तक्रार माझ्या कानावर नाही. सुरुवातीचे सूर आले तसे मामा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि ताठ उभे राहिले.

मामींनी आतून डोकावून पाहिलं. "अहो, कुणाच्या राष्ट्रगीताला उभे राहताय?"

मामांनी हातानंच गप्प केलं. आणि मग, गीत अर्ध्यावर आलं असेल नसेल, ते खाली बसले आणि गार झालेला वडा तोडला. स्पीकरमध्ये गिटारी अजून चढतच होत्या. पुढं पब्लिकचा जल्लोष होता.

"आजोबा, अजून चालू आहे."

"माझी कॅसेट इथं संपते," मामा म्हणाले.